रात्री दोन वाजता आयसीयूत कोण असतं, ते आधी विचारा

पत्राचा सारांश: बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी लिहिलं आहे. वडील ७१ वर्षांचे, १८ वर्षांपासून मधुमेह, जेवणानंतर तंबाखूची चिमूट लागते. काही महिन्यांपासून रावपुऱ्यापर्यंत चालत गेलं तरी छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य नळ्यांत अडथळे निघाले. डावीकडच्या पुढच्या मोठ्या नळीत तर अगदी सुरुवातीलाच ९० टक्के. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.४, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. इथल्या सर्जनांनी छाती उघडून, हृदय चालू ठेवून बायपास करू असं सांगितलं आहे. ठाण्याचा भाऊ म्हणतो, मुंबईला नेऊ, तिथे छोट्या चिरेतून, रोबोटने करतात, आता छाती कापतं कोण? आईला ऑपरेशनच नको आहे. शेजारच्या काकांना बायपासनंतर व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं आणि ते परत आले नाहीत, त्यामुळे ‘स्टेंट घालून भागवा’ असा तिचा धोशा आहे. बाबांना मात्र ‘थोडं ब्लॉकेज आहे, गोळ्यांनी जाईल’ एवढंच सांगितलंय. रविवारी भाऊ येणार आणि ठरवणार. ताई विचारतात: सगळ्यात नवं तंत्र कोणतं, ते कुठे करावं, आणि बाबांना कितपत सांगावं?

ताई,

तुमचं सगळं पत्र ‘कोणत्या तंत्राने’ या प्रश्नाभोवती फिरतं. आयसीयूचा उल्लेख येतो तो फक्त शेजारच्या काकांच्या निमित्ताने, भीती म्हणून. मला वाटतं, हे उलटं व्हायला हवं. बायपासचं शिवणकाम चार-पाच तासांत आटोपतं. त्यानंतरचे ४८ ते ७२ तास रक्तस्राव, लघवी, ठोके, श्वास आणि साखर यांच्यावर कोणाची नजर आहे, आणि काही बिघडलं तर किती मिनिटांत हालचाल होते, यावर बाबा कसे घरी येतात हे बऱ्याच अंशी ठरतं. चीर कुठून घेतली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर नंतर लागतो.

आधी आईंचं म्हणणं, कारण ते चुकीचं असलं तरी वेडगळ नाही. स्टेंट म्हणजे नळीतल्या एका अरुंद जागेला आतून आधार. बायपास म्हणजे अडथळ्याच्या पुढे नवी वाट जोडणं. मधुमेहात नळ्या एकाच ठिकाणी बुजत नाहीत, लांबवर खरखरीत होत जातात. आज स्टेंट घातलेल्या जागेच्या मागेपुढे दोन वर्षांनी नवा अडथळा येऊ शकतो. नवी वाट पुढच्या भागात जोडलेली असेल तर त्या नव्या अडथळ्याचा तितका त्रास होत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या अभ्यासात अनेक नळ्यांत अडथळे असलेले १,९०० मधुमेही रुग्ण घेतले होते. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी दर शंभरात सुमारे १६ जण दगावले, बायपासवाल्यांपैकी सुमारे ११. मात्र पक्षाघात बायपासवाल्यांत जास्त होता, शंभरात ५ विरुद्ध २ ते ३. हा दुसरा आकडाही आईंना सांगा. एकच बाजू सांगितली की माणसाचा विश्वास उडतो. शिवाय तीन नळ्यांत स्टेंट घालायचे म्हणजे बराच डाय (एक्स-रेत नळ्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) वापरावा लागतो, आणि १.४ क्रिएटिनिनच्या मूत्रपिंडांना तो मानवतोच असं नाही. बाबांचं वय, मधुमेह, तीन नळ्या आणि थोडं उतरलेलं पंपिंग हे सगळं एकत्र धरलं तर इथल्या सर्जनांनी बायपास सांगणं योग्यच दिसतं. दुसरं मत घ्यायचं असेल तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन जा. कागदावरच्या अहवालावर खरं मत देता येत नाही, चित्रच बघावं लागतं.

आता भावाचं म्हणणं. त्याच्या बोलण्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: छोटी चीर म्हणजे छोटं ऑपरेशन, नवं म्हणजे चांगलं, आणि रोबोट ऑपरेशन करतो.

रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. बायपासमध्ये त्याचा उपयोग मुख्यतः छातीच्या भिंतीमागची धमनी सोडवून घ्यायला होतो. या धमनीला डॉक्टर ‘लीमा’ म्हणतात, आणि बाबांच्या ऑपरेशनमधली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. ती पुढच्या मोठ्या नळीला जोडली की दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत वाहती राहते. पायातून काढलेल्या शिरा दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या बंद पडतात. लीमा जोडलेले रुग्ण जास्त जगतात हे १९८६ पासून माहीत आहे, आणि ती चीर मोठी असली तरी जोडता येते, लहान असली तरी. म्हणून पहिला प्रश्न ‘लीमा वापरणार ना?’ हा. उत्तर बहुतेक ‘हो’च येईल, पण विचारून ठेवा.

छोट्या चिरेत डाव्या छातीखाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतून काही सेंटिमीटरची वाट करतात. छातीचं मधलं हाड कापावं लागत नाही, त्यामुळे ते जुळायची वाट बघावी लागत नाही आणि त्या हाडाच्या खोल जंतुसंसर्गाचा धोका टळतो. मधुमेह्यासाठी हा फायदा खरा आहे, भावाची आशा अगदीच पोकळ नाही. पण बरगड्या ताणल्या जातात म्हणून पहिले काही दिवस दुखणं काहींना जास्तच होतं. ऑपरेशन चालू असताना एक फुप्फुस मिटवून ठेवावं लागतं, वर्षानुवर्षं तंबाखू ओढलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. (बाबा ओढत नाहीत, खातात, त्यामुळे इथे थोडी सूट. तरी फुप्फुसांची तपासणी हवीच.) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हृदयाच्या मागच्या बाजूच्या नळ्यांपर्यंत पोचणं त्या फटीतून कठीण असतं. म्हणून काही ठिकाणी फक्त पुढच्या नळीला बायपास करतात आणि उरलेल्या दोन नळ्यांत स्टेंट टाकतात. एखाद्या रुग्णाला ते शोभतं. पण मुंबईच्या डॉक्टरांना भावाने नेमकं हे विचारावं: ‘बाबांच्या तिन्ही नळ्यांना जोड देणार का? चीर छोटी राहावी म्हणून एखादी नळी सोडणार का? तीन नळ्यांचं हे ऑपरेशन अशा चिरेतून तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?’ नळी सोडून वाचवलेले काही सेंटिमीटर महागात पडतात.

‘हृदय चालू ठेवून’ हे ऐकून तुम्हाला ते अगदी नवं वाटलं असेल. लेनिनग्राडमध्ये सर्जन कोलेसोव्ह यांनी १९६४ सालीच धडधडत्या हृदयावर छातीतली धमनी जोडली होती. हृदय थांबवून, फुप्फुस-हृदयाचं काम यंत्राकडे देऊन करायची पद्धतही जुनीच, अमेरिकन सर्जन गिबन यांनी मे १९५३ मध्ये हृदयाच्या ऑपरेशनसाठी असं यंत्र पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. दोन्हींची तुलना करणारा ‘कोरोनरी’ हा अभ्यास १९ देशांत, ४,७५२ रुग्णांवर झाला. पाच वर्षांनंतर मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांत फरक दिसला नाही. यंत्राशिवाय केलेल्यांना पहिल्या महिन्यात रक्त कमी चढवावं लागलं, मूत्रपिंडाला इजा कमी झाली, पण नळी पुन्हा उघडण्याची वेळ थोड्या जास्त जणांवर आली. बाबांचं क्रिएटिनिन बघता इथल्या सर्जनांनी यंत्राशिवायचा मार्ग सुचवला असेल तर त्यात अर्थ आहे. हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं असेल तर तिला चिमटा लावणं टाळण्यासाठीही हा मार्ग बरा. पण सर्जनाचा हात ज्या पद्धतीला बसलेला आहे, तीच त्याला करू द्या. आणि धडधडत्या हृदयावर जोड देताना रक्तदाब वारंवार कोसळू लागला तर मध्येच यंत्रावर जायची तयारी खोलीत असते का, एवढं विचारा.

खरी प्रगती जाहिरातीत क्वचित दिसते, म्हणून ती इथे लिहितो. पायातली शीर लांबलचक चिरेऐवजी गुडघ्याजवळच्या छोट्या छिद्रातून, कॅमेऱ्याने काढता येते. मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळण्याचं प्रमाण त्यामुळे खूप कमी होतं. जोड शिवून झाल्यावर त्यातून रक्त किती वाहतं ते एका छोट्या प्रोबने मोजता येतं. प्रवाह कमी निघाला तर छाती बंद करण्याआधीच जोड पुन्हा करता येतो. सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक ॲसिड, आणि हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्याशिवाय सहसा रक्त न चढवण्याचा संयम हेही त्यातच येतं. आणि २०१९ मध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर लवकर उभं करण्याबाबत जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यातल्या बऱ्याच गोष्टी अगदी साध्या आहेत: सहा तासांच्या आत श्वासाची नळी काढण्याचा प्रयत्न, अफूजन्य वेदनाशामकं कमी, साखरेवर शिरेतून थेंब-थेंब इन्सुलिन, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवणं. कोणताही रोबोट न लागता हे सगळं बडोद्यात होऊ शकतं, होतंही.

आता ज्या रात्रीला सगळे घाबरता, त्या रात्रीकडे येऊ.

ऑपरेशन संपलं की बाबांना बेशुद्धावस्थेतच आयसीयूत आणतील. तुम्हाला काचेतून किंवा दहा मिनिटं आत जाऊन बघू देतील. ते गार लागतील, चेहरा सुजलेला आणि पांढुरका दिसेल. तोंडात श्वासाची नळी, मानेत औषधांची लाइन, मनगटात रक्तदाबाची, छातीखालून दोन-तीन ड्रेन (साचलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या), लघवीची नळी, आणि पोटाच्या वरच्या बाजूला त्वचेतून बाहेर आलेल्या बारीक तारा, ठोके मंदावले तर पेसमेकर जोडण्यासाठी. आईंना हे आधीच सांगून ठेवा. दृश्य भयंकर असतं, पण यातली एकही नळी ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून घातलेली नसते.

व्हेंटिलेटरही त्यातलाच. बायपासचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण व्हेंटिलेटरवरच बाहेर येतो, भूल उतरेपर्यंत. शरीर उबदार झालं, रक्तस्राव थांबला, माणूस हाक मारल्यावर डोळे उघडून हात दाबू लागला की नळी काढतात, बहुतेकांची त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत. म्हणून ‘व्हेंटिलेटरवर आहेत’ हे ऐकून घाबरू नका. चोवीस तास उलटले तरी नळी निघत नसेल किंवा काढून पुन्हा घालावी लागली असेल, तर शांतपणे विचारा, ‘कशासाठी थांबलो आहोत: रक्तस्राव, फुप्फुस, मूत्रपिंड की शुद्ध?’ काकांच्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, आणि आईंनाही नाही. त्यांना व्हेंटिलेटरने नेलं, की आधी काही बिघडलं म्हणून व्हेंटिलेटर लांबला, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या बारा तासांत परिचारिका दर तासाला ड्रेनच्या बाटलीवर खूण करते. रक्ताचा वेग सलग काही तास ताशी २०० मिलीच्या आसपास किंवा त्यावर राहिला, तर छाती पुन्हा उघडून रक्त कुठून येतंय ते बघावं लागतं. शंभरातल्या दोन-पाच जणांना हे करावं लागतं, वेळेत केलं तर ते निभावतात. पण याहून फसवी वेळ म्हणजे ड्रेन अचानक बंद होतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि रक्तदाब हळूहळू उतरू लागतो. गुठळ्यांनी नळी बुजलेली असते आणि हृदयाभोवती साठलेलं रक्त हृदयाला दाबत असतं. हे ओळखायला अनुभवी डोळा, आयसीयूतच उपलब्ध इको (हृदयाची सोनोग्राफी) मशीन आणि मिनिटांत पोचणारा सर्जन लागतो. काही वेळा पलंगावरच छाती उघडावी लागते. इथेच शिर्षकातला प्रश्न येतो: रात्री दोन वाजता आयसीयूत जागा असलेला डॉक्टर कोण? हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचा त्याला किती अनुभव? सर्जन आणि भूलतज्ज्ञ किती मिनिटांवर राहतात? पहिल्या रात्री एका रुग्णाला एक परिचारिका असते, की एक तिघांना? रक्तपेढी आवारात आहे का? रक्तवायू (रक्तातला ऑक्सिजन वगैरे) तपासायचं यंत्र आयसीयूतच आहे, की नमुना खाली जातो? रात्री डायलिसिस सुरू करता येतं का? थकलेल्या हृदयाला आधार देणारा बलून पंप जागेवर आहे का? बडोद्यात असो वा मुंबईत, हे प्रश्न विचारल्यावर जिथे माणसं न चिडता, सवयीने उत्तरं देतात, तिथे बाबा जास्त सुरक्षित आहेत. मोठ्या नावाच्या इमारतीतसुद्धा रात्रीची पाळी पातळ असू शकते.

लघवीचा हिशोब सोपा आहे: ताशी वजनाच्या किलोमागे अर्धा मिली. बाबा ६५ किलोंचे असतील तर ताशी तीस-पस्तीस मिली. ती घटली की डॉक्टर आधी पाणी कमी पडतंय की हृदयाचा जोर कमी आहे ते बघतील. क्रिएटिनिन काही दिवस चढून पुन्हा उतरणं नेहमीचं आहे. त्यावरून डायलिसिसची भीती घेऊ नका, पण रोजचा आकडा वहीत लिहा. साखर इन्सुलिनच्या थेंबावर १८०च्या आत ठेवतात. फार खाली आणायचा हट्ट धरत नाहीत, कारण अतिकडक नियंत्रणाने आयसीयूतले मृत्यू वाढल्याचं २००९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तेव्हा ‘घरी तर ११० असते’ म्हणून परिचारिकेशी वाद घालू नका.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सगळं सुरळीत झालंय असं वाटत असताना, ठोके अचानक वेगाने आणि वेडेवाकडे पडू लागतात. दर तिघा-चौघांत एकाला हे होतं. हृदयाचे वरचे कप्पे सुजलेले, चिडलेले असतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढणं, बीटा-ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या) वेळेत पुन्हा सुरू करणं, गरज पडली तर ठोके ताळ्यावर आणणारं ॲमिओडॅरोन, क्वचित शॉक. बहुतेकांचं हे काही दिवसांत थांबतं. ही गोष्ट आधी माहीत नसली की ‘बरे झाले होते, आता परत बिघडले’ म्हणून घर हवालदिल होतं.

आणि भ्रम, ज्याला डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. यावर जरा जास्त लिहितो, कारण सत्तरीपुढच्या माणसात तो वारंवार होतो आणि घरच्यांना सर्वांत जास्त तोच हलवतो. दिवसा बरे असलेले बाबा संध्याकाळी मुलीला ओळखणार नाहीत, नळ्या ओढतील, कोणीतरी कोंडून ठेवलंय म्हणतील. हे वेड नाही, बहुधा काही दिवसांत उतरतं. पण आयसीयूतल्या परिचारिका गुजराती, हिंदी किंवा मल्याळम बोलणाऱ्या असतील, आणि भ्रमातला माणूस बालपणीच्या भाषेत जातो. त्याला कोणी मराठीत ‘बाबा, तुम्ही दवाखान्यात आहात, ऑपरेशन झालं, आज बुधवार आहे’ असं सांगितलं की तो निवतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच कबूल करून घ्या की संध्याकाळी थोडा वेळ घरच्यांपैकी एकाला जवळ बसू देतील. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी नाव घालून एका डबीत परिचारिकेकडे द्या. डोळ्यांना धूसर आणि कानाला मुकं जग दिसलं की भ्रम वाढतो. घरात रोज झोपेची गोळी किंवा दारू चालत असेल तर ते लपवू नका, अचानक बंद झाल्याने हाच भ्रम भयंकर रूप घेतो.

यावरूनच बाबांना किती सांगायचं ते ठरतं. तुमची काळजी कळते: ऐकूनच त्यांना झटका आला तर? पण ज्यांना काहीच सांगितलेलं नाही, तो माणूस तोंडात नळी, बांधलेले हात, अनोळखी आवाज अशा अवस्थेत जागा होतो तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा विचार करा. संमतीपत्रावर सही त्यांची लागते, तीही समजून केलेली. आणि ऑपरेशनआधीची निम्मी तयारी त्यांच्याशिवाय दुसरं कोणी करूच शकत नाही. सगळे आकडे त्यांच्यावर ओतायला नकोत. ‘तिन्ही नळ्या बुजल्यात, नव्या वाटा जोडायच्या आहेत, जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, काही तासांनी काढतील, हाताने खूण करा’ एवढं त्यांना पुरेल. पुढचं ते विचारतील तितकं.

ती तयारी अशी. सर्जनांना आधी विचारा की किती दिवस थांबता येईल. बसल्याजागी किंवा झोपेत छाती दुखू लागली तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना. दोन-तीन आठवडे हातात असतील तर तंबाखू आजच बंद. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं. त्यात फुंकायचं नसतं, ही चूक जवळजवळ सगळे करतात. नळी ओठांत धरून हळू आत ओढायचं, चेंडू वर राहिलेला असताना दोन-तीन सेकंद श्वास धरायचा, जागेपणी दर तासाला दहा वेळा. एचबीएवनसी हा तीन महिन्यांचा हिशोब असल्याने ९.१ वरून तो पंधरा दिवसांत उतरणार नाही, पण रोजची साखर १८०च्या आत आणता येते, गरज पडली तर तात्पुरतं इन्सुलिन घेऊन. गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस, नाहीतर रक्त थांबत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या किमान ३ दिवस आधी, कारण त्यांनी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्त आम्ल होऊ शकतं. ॲस्पिरिन आणि बीटा-ब्लॉकर बहुधा चालूच ठेवतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने थांबवू नका; सर्जनांकडून तारखेसह लिहून घ्या. छातीचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांत जंतू बसतात. दवाखान्यात क्लिपरने काढतात.

कुठे करायचं? बडोद्यात केलं तर पंधराव्या दिवशी जखमेतून पाणी आलं तरी त्याच सर्जनाकडे रिक्षाने जाता येतं. मुंबई चारशे किलोमीटरवर आहे आणि छातीच्या जखमेचा संसर्ग बहुधा घरी परतल्यावर, एक ते चार आठवड्यांत डोकं वर काढतो. तिकडे करायचंच असेल तर निदान टाके आणि पहिली तपासणी होईपर्यंत बाबांना ठाण्यात ठेवायची भावाच्या घरची तयारी हवी, लिफ्ट आणि कमोडसकट. आणखी एक पर्याय तुमच्या पत्रात नाही: अहमदाबादची यू. एन. मेहता हृदयरोग संस्था. हे केवळ हृदयाचं, मोठं सार्वजनिक रुग्णालय आहे आणि दुसऱ्या मतासाठी एका दिवसात जाऊन येता येतं. बाबा सत्तरीपुढचे असल्याने आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्न कितीही असलं तरी वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. फक्त निवडलेलं रुग्णालय हृदयशस्त्रक्रियेसाठी त्या यादीत आहे का ते बघा, यादीतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक विभागासाठी मान्य नसतं.

माझं मत विचाराल तर, इथल्या सर्जनांनी रात्रीच्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली आणि वर्षाला शेकड्यांनी बायपास करत असतील, तर मी बडोदं सोडणार नाही.

घरी आल्यानंतरचं थोडक्यात. मधलं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोवर दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही, ॲक्टिव्हा नाही, आणि हिंचक्यावरून साखळी धरून स्वतःला ओढत उठायचं नाही. खोकताना उशी छातीशी कवटाळायची. जमिनीवर बसून जेवण काही दिवस बंद. शीर काढलेला पाय काही आठवडे सुजतो, तो उंच ठेवा. खोकल्यावर हाड ‘कट्’ वाजलं, जखमेतून स्राव आला, १००.४ वर ताप गेला किंवा दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन करा. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) जन्मभर. ‘आता ऑपरेशन झालं’ म्हणून ती बंद केली की पायातून आणलेल्या शिरा लवकर बुजतात. शेव-उसळ आणि फरसाण महिनाभर तरी नको, मिठाने पाणी धरलं जातं.

रविवारी भाऊ आला की बाहेरच्या खोलीत कुजबुजत बसू नका. अँजिओची सीडी, गोळ्यांची पिशवी आणि वर लिहिलेले प्रश्न घेऊन सगळे बाबांच्या पलंगाशी बसा, आणि श्वासाचं यंत्र त्यांच्या हातात द्या.